मूठ आवळ, नजर तिकडं

"मूठ आवळ, नजर तिकडं," असं म्हणत ती समोरच्याची हनुवटी कोपरानं खिडकीकडे वळवायची. एका हातात सुई, दुसऱ्या हातात कापूस, मग उरलं काय, तर कोपर. पेशंट सोळाचा असो की साठीचा, सगळ्यांना एकेरी. कोणी भीत भीत हाताकडे बघायला लागलं की दटावायची, "बघू नको. बघितलं की दुखतं." आणि माणूस खिडकीतून खालची रिक्षांची रांग बघत असतानाच हिचं रक्त काढून झालेलं असायचं.

घरी तिला बाय म्हणत, म्हणून आमचं अख्खं हॉस्पिटल तिला बाय म्हणायचं. ठाण्यातलं आमचं हॉस्पिटल फार मोठं नव्हतं, सगळे सगळ्यांना ओळखत. बायचं घर कोपरीला, खाडीच्या बाजूला जुन्या कोळी वस्तीत. तिचं काम वॉर्डावॉर्डांत फिरून रक्ताचे नमुने काढण्याचं, आणि माझं ते लॅबमध्ये तपासण्याचं.

तिला बसलेली मी क्वचितच पाहिली. पायाला भिंगरी लावलेली असते म्हणतात, तशी. चहासुद्धा चालता चालता प्यायची आणि रिकामा कप कुठेतरी विसरायची; एकदा तो थेट क्ष-किरण विभागात सापडला. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, समोरच्याला उगाच आपणच आळशी आहोत असं वाटायला लावणारी. शिवाय ती लोकांच्या तोंडाकडे बघायचीच नाही, हाताकडे बघायची. नवे सर्जन पहिल्यांदा लिफ्टमध्ये भेटले तेव्हा त्यांच्या मनगटाकडे बघत म्हणाली, "काय शिरा हायत तुमच्या!" ते बिचारे पुढचा आठवडाभर लांब बाह्यांचे शर्ट घालून येत होते.

मी तिच्या अगदी उलट. डोंबिवलीची, सरळ रेषेत चालणारी. रिपोर्टमधलं दशांश चिन्ह इकडचं तिकडे झालं तर मला अन्न गोड लागत नाही. बाय मला चिडवायची, "तू लग्नात अक्षता पण मोजून टाकत असशील गो." मला राग यायचा, कारण ते फारसं खोटं नव्हतं.

मग ती साथ आली. तेव्हाचं मी नव्याने काय सांगू, तुम्ही सगळ्यांनीच ते भोगलंय. हॉस्पिटलच्या बसमधून कल्याण-शीळ रस्त्यावर रिकामी दुकानं बघत मी यायचे आणि दिवसभर हात धूत बसायचे. बाय मात्र तो पांढरा झगा चढवून कोविड वॉर्डात रोज जायची. बाहेर आली की घामानं भिजलेली असायची, आणि तरीही पाय थांबत नसत. त्याच दिवसांत तिचे वडील गेले. ती थोडे दिवस आली नाही. आली ती थेट झगा चढवून वॉर्डात गेली, आणि विचारायचं धाडस मला झालं नाही.

पहिली लाट ओसरली आणि लस अजून यायची होती, तेव्हा हॉस्पिटलनं ठरवलं की सगळ्या स्टाफची ॲन्टीबॉडी टेस्ट करायची. म्हणजे तो विषाणू आपल्याला नकळत होऊन गेला का, त्याच्याशी लढल्याची खूण रक्तात सापडते का, ते बघायचं. आयुष्यात पहिल्यांदाच लोक पॉझिटिव्ह येऊ दे म्हणून देवाला हात जोडत होते. एकदा होऊन गेला म्हणजे सुटलो, असा सगळ्यांचा समज. आमचे डॉक्टर घसा कोरडा करून सांगत की असं काही नसतं, पण ऐकतो कोण! काचेच्या केबिनमधून कधी बाहेर न पडलेले हिशेबनीस पॉझिटिव्ह आले आणि त्यांनी पेढे वाटले. कोविड वॉर्डात राबलेल्या आमच्या आयामावशी निगेटिव्ह आल्या आणि चक्क रुसल्या. "एवढं करून मलाच काय नाय?" म्हणून दोन दिवस माझ्याशी अबोला.

या सगळ्यांचं रक्त बायनं काढलं. स्वतःचं मात्र द्यायचं नाव नाही. विचारलं की, "सगळ्यांचं होऊ दे." सगळ्यांचं झालं. मग, "आज उपास हाय." उपासाचा या टेस्टशी काय संबंध, असं म्हणून मी भांडले. मग म्हणाली, "माझी शीर मना सापडत नाय." माझी चिडचिड व्हायला लागली. एक नमुना राहिला की माझं काम अर्धवट राहतं, आणि अर्धवट काम मला झोपू देत नाही. शेवटी एका दुपारी पँट्रीत मी तिची वाटच अडवली.

"अगं, साधी टेस्ट आहे! कशाला घाबरतेस?"

ती बेसिनपासून दारापर्यंत आणि दारापासून बेसिनपर्यंत चालत राहिली. चालता चालताच बोलली.

"बाबांना कोणी दिला, सांग."

घरात ताप पहिल्यांदा आला तिच्या मोठ्या भावाला, दादूसला. तो मासळी विकायचा. बाजार बंद झाला तरी टोपली घेऊन दारोदार फिरायचा, कारण घरात खाणारी तोंडं होती. त्याचा ताप उतरला आणि वडिलांना चढला. वडील गेले त्या दिवशी आत्यानं भर अंगणात म्हटलं, "पोरानंच बापाला नेलान." उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या दिवसापासून दादूस घरात जेवत नव्हता. ताट घेऊन बाहेर ओट्यावर बसायचा, स्वतःच घासून ठेवायचा. धंदा बंद. धाकटी लेक मांडीवर यायला लागली की उठून जायचा.

"आणि मी रोज त्या वॉर्डातून घरी जायची. मना ताप नाय, खोकला नाय. पण मी पण आणला असेल ना? कोणी बोलत नाय मना. मी हॉस्पिटलवाली ना, शहाणी." ती थांबली. "पॉझिटिव्ह आली तर मी बाबांना मारलं. निगेटिव्ह आली तर दादूसनं. दोन्हीकडून मीच मरते गो."

मी तिला समजावलं. अगदी मुद्देसूद. या टेस्टवरून कोणी कोणाला दिला ते कळत नाही. निगेटिव्ह आली म्हणजे झालाच नव्हता असंही नाही. काहींच्या रक्तातली खूण पुसट होते. असेल, नसेल, एवढंच सांगता येतं.

"तुझं असेल-नसेल घरी नेऊन काय करू?" बाय म्हणाली. "‘असेल’नं त्याच्या घशाखाली घास उतरणार हाय?"

मी बाजूला झाले आणि तिची वाट सोडली.

पुढच्या आठवड्यात ती आपण होऊन लॅबमध्ये आली आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. बसली! मी तिच्या दंडाला पट्टा आवळला. तिच्याच सुरात म्हटलं, "मूठ आवळ, नजर तिकडं." तिनं मूठ आवळली. नजर मात्र वळवली नाही. सुई आत जाताना, ट्यूब भरताना, ती टक लावून बघत होती.

"पॉझिटिव्ह आली तर बरं होईल," ती म्हणाली. "जाऊन त्याला सांगते, तू नाय, मी."

रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी मशीन पुन्हा लावलं, खरं तर तशी गरज नव्हती. पुन्हा निगेटिव्ह. तिला सांगितलं तेव्हा ती हसली. "मशीन पण दादूसच्याच मागे लागली," म्हणाली आणि पर्स उचलून गेली.

नंतर काही दिवसांनी, कॉरिडॉरमधून घाईघाईनं जाता जाता तिनं मला सांगितलं, "तो काल आत जेवला."

"कोण?"

"दादूस. पानावर बसला. लेकीला मांडीवर घेतलान."

मला कळायला वेळ लागला. मग मी तिच्या मागे अक्षरशः धावले. "तू त्याला काय सांगितलंस?"

"पॉझिटिव्ह आली बोलली." पाय चालूच. "आत्या आता माझ्या हातचं पाणी घेत नाय. घेऊ नको म्हणावं. तशी पण ती चहाच पिते."

"बाय, हे खोटं आहे! रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट असतो. उद्या त्यानं कागद मागितला तर?"

"तो कागद बघणाऱ्यातला नाय. तो माणसाकडे बघतो," ती म्हणाली आणि वॉर्डात शिरली.

मला तिचा राग आला होता, आणि तिला घट्ट मिठी मारावीशीही वाटत होती. त्या काळात मिठीची सोय नव्हती. राग तेवढा करता आला, तो केला.

पुढे तिचं कंत्राट संपलं आणि हॉस्पिटलनं ते वाढवलं नाही. आता ती घोडबंदर रोडच्या मोठमोठ्या सोसायट्यांमध्ये घरोघरी जाऊन रक्त काढते. कधी फोन येतो, "माजिवड्याला अडकलीय, बोल काय ते." तिच्यासारखीला ट्रॅफिकमध्ये अडकून राहायचं म्हणजे शिक्षाच. तिच्या जागी आलेला मुलगा सज्जन आहे, हळू बोलतो, पेशंटला अहो-जाहो करतो. लोक सुईकडे बघतात आणि ओरडतात.

परवा तिचा फोन आला. "दादूसला पाठवतेय. साखर वाढलीय त्याची. तूच काढ रक्त." एवढंच. बाकी काही नाही.

तो आला. काळासावळा, थोराड, बोटांना मासळीचा वास. खुर्चीत बसून त्यानं हात पुढे केला आणि माझ्याकडे बघितलं. खरंच, माणसाकडे बघणारा होता.

"बायचं रक्त तेव्हा तुम्हीच तपासलेलं ना?"

"हो."

"खरंच पॉझिटिव्ह आलेली?"

दुसऱ्याचा रिपोर्ट आम्ही सांगत नाही, असा आमचा नियम आहे. तो नियम माझ्या जिभेवर तयार होता, आणि मी नियमाला कधी चुकत नाही. पण गप्प राहणं हेही उत्तरच झालं असतं.

"हो," मी म्हटलं. "मी स्वतः बघितला."

त्यानं मान हलवली. "मी तिला बोलतो हो. तिच्या मनात राहायला नको म्हणून अजून पण बोलतो. बाय, तुझी काय चूक? तू कामाला गेलेलीस. पोटासाठीच गेलेलीस ना? तुला काय ठाऊक, अंगात काय हाय ते?"

हे शब्द त्याला कोणीतरी म्हणायला हवे होते. कोणी म्हटले नव्हते.

मी पट्टा बांधला. माझ्या दोन्ही हातांत काम होतं, म्हणून कोपरानं त्याची हनुवटी खिडकीकडे वळवली. "मूठ आवळा," मी म्हटलं, "नजर तिकडं." तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्याची शीर चांगली दोरीसारखी जाड होती, तरी मला ती पटकन दिसेना.