गेलेल्या कॉलेजांचे झेंडे

कॅनडात, बर्नाबीतल्या एका छोट्या कॉलेजात मी रिटायर झाल्यापासून बास्केटबॉलचा स्कोअर लिहायला जातो. तिथल्या जिमची देखभाल करणारे गृहस्थ मूळचे वसईचे. बोलायच्या आधी हातातला किल्ल्यांचा जुडगा एकदा वाजवणार, मगच तोंड उघडणार.

आमच्या लीगमधल्या प्रत्येक कॉलेजचा झेंडा जिमच्या भिंतीवर असतो. लीगमध्ये कॉलेजं येतात आणि जातात. कुणाला लांबचे प्रवास झेपत नाहीत, कुणाला मोठ्या लीगचे वेध लागतात. गेलेल्यांचे झेंडे हे गृहस्थ बेसमेंटमध्ये ठेवतात, आणि दर ऑगस्टमध्ये बाकीच्यांबरोबर तेही धुऊन इस्त्री करतात.

"अहो, ती तर लीग सोडून गेली ना?" मी एकदा हसून विचारलं.

किल्ल्या वाजल्या. "येतील हो सर परत. आल्यावर काय चुरगळलेला लावायचा?"

गेल्या वर्षी एक कॉलेज खरंच परतलं. ऑफिस नवा झेंडा ऑर्डर करायच्या विचारात होतं, तोवर यांचा कडक इस्त्रीचा भिंतीवर लागलासुद्धा. पाहुण्यांच्या कोचने यांना मिठीच मारली.

आता आमचंच कॉलेज लीग सोडतंय. मला वाटलं, सगळेच झेंडे उतरवावे लागणार म्हणून हे कुरकुरतील. काल बघतो तर हातात लीगमधल्या जिमच्या नंबरांची यादी, आणि एकेका केअरटेकरला फोन चाललेला. किल्ल्या वाजायच्या, मग तेच वाक्य:

"डोन्ट थ्रो अवर फ्लॅग, प्लीज. एव्हरी ऑगस्ट, वॉश अँड आयर्न."