आक्कांच्या आवाजातला हिरो

शिलाईच्या दुकानात चिंध्या साठतात तसे किस्सेही साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही. झाडू मारताना कळतं, अरे, केवढा ढीग झालाय! माधवनगरात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. मशीनवर मी, वंदना आणि आमच्यात सगळ्यांत लहान स्वप्नाली. हातशिलाईला आक्का. आक्का साठीच्या, माहेर मेढ्याचं, मिस्टर फौजेतून रिटायर. हे लिहितेय तेव्हा स्वप्नाली शेजारी गुणगुणत बसलीय, म्हणून हसत सांगता येतंय. मध्यंतरी तिच्याच काळजीत होतो आम्ही.

*

दुपारच्या चहानंतर आक्का मोबाईलवरची प्रेमकथा मोठ्यानं वाचतात. रोज एक भाग. तेवढ्या वेळात त्यांच्या वाट्याचे हूक आम्ही तिघी वाटून लावतो. कथेतली मीरा साधीभोळी, हिरो बड्या कंपनीचा मालक. हिरोचं वाक्य आलं की आक्का असा काही खर्जातला आवाज काढतात की रस्त्यावरची माणसं आत डोकावतात.

ज्या दिवशी त्या हिरोनं मीराला ‘तुझ्याच भल्यासाठी’ खोलीत कोंडलं, त्या दिवशी मी एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "ताई, हे काय?"

मी म्हटलं, "मीरा आत अडकली होती हो."

बाईही तीच कथा वाचत होत्या. "सुटली का?" एवढंच विचारून त्यांनी ब्लाऊज उसवायला परत दिला.

*

वंदनाचा नवरा सांगलीत हळदीच्या अडतीवर कामाला. अगदी शांत माणूस. कथेचा अंमल चढला तशी वंदना एकदा त्याला म्हणाली, "तुमी कवा मला कुठं गेलतीस म्हणून इचारत न्हाईसा. तुमचा जीवच न्हाई माझ्यावर."

बिचाऱ्यानं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू.

"कुठं हायस?"

"दुकानात."

"कुणासंगं?"

"आक्कासंगं."

थोड्या वेळानं परत तेच. दुपारपर्यंत वंदना मेटाकुटीला आली. शेवटी काळजीनं विचारती झाली, "आवं, अंगात ताप हाय का तुमच्या? मिरजेला दाखवून येऊया का?"

संध्याकाळी तो घरी येऊन म्हणाला, "लय अवघड काम हाय हे. त्यापरीस पोती उचललेली बरी."

*

एकदा आमच्यात वाद पेटला, असल्या गोष्टी लिहाव्यात की नाही. मी लिहाव्यात या बाजूची. खरं सांगायचं तर तो हिरो ओरडला की मलाही ते गोडच वाटायचं. वंदना म्हणाली, "ओरडू दे की. पर ओरडतोय म्हंजे प्रेमच करतोय, असं कशाला लिवायचं?"

आक्का म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्यावर फौजेत सायब ओरडायचा. त्यो काय प्रेमानं?"

आम्ही हसलो. स्वप्नाली हसली नाही. "जीव असल्याबिगर कोण चिडतंय, आक्का?" म्हणाली.

तिचं लग्न मिरजेच्या सागरशी ठरलं होतं. सागर तिला डब्याचासुद्धा फोटो पाठवायला लावायचा, ती कुठं आहे ते मोबाईलवर बघत राहायचा. त्याच्या सांगण्यावरून तिनं मैत्रिणींचे नंबर पुसून टाकले होते. "लय पझेसिव्ह हायत," असं ती कौतुकानं सांगायची आणि आम्हीही तिला चिडवायचो. त्या दिवशी मात्र कुणी चिडवलं नाही. लग्न तोंडावर आलेलं आणि पोरगी नवऱ्याचं माप कथेतल्या हिरोवरून घेत होती. मला भीती वाटली.

*

दुसऱ्या दिवशीच्या भागात हिरोनं मीराच्या कानाखाली वाजवली आणि मग गुलाबांनी खोली भरून टाकली. आक्का थांबल्या. चष्मा पुसला आणि पुढं वाचलं, "मीराने बॅग भरली आणि ती एसटीने मेढ्याला मावशीकडे निघून गेली."

मी वंदनाकडं बघितलं. लंडनला शिकलेल्या मीराला मेढ्यात मावशी कुठनं आली? आक्कांचा चेहरा मात्र हलला नाही. पुढं कितीतरी दिवस मीरा मेढ्यात नाचणीची रोपं लावत होती. मावशी पोटभर जेवू घालत होती आणि हिरोची गाडी काही साताऱ्याच्या पुढं येत नव्हती.

एके दिवशी सुईत दोरा ओवता ओवता स्वप्नाली म्हणाली, "आक्का, मोबाईलातली मीरा कवाच परत गेलीया त्याच्याकडं. मी घरी वाचते की."

आक्का गडबडल्या. "मग इतकं दिवस बोलली का न्हाईस?"

"तुमची मीरा निवांत झोपती तरी," स्वप्नाली म्हणाली. आम्ही सगळ्या खाली मान घालून कामाला लागलो.

*

आता शेवटचा किस्सा. चोरी उघडी पडल्यावर आक्का मोबाईलातलंच वाचायला लागल्या होत्या. त्या दुपारी हिरो खर्जात गरजत होता, "तू फक्त माझी आहेस!" नेमका तेव्हाच सागरचा फोन आला. हातात काम होतं म्हणून स्वप्नालीनं स्पीकर लावला.

"कोण बाप्या बोलतोय तितं?"

"आक्का हायत. गोष्ट वाचत्यात."

"मला येडा समजतीस व्हय?" फोन बंद.

मिरज काही लांब नाही. थोड्याच वेळात मोटारसायकल दारात. आत येऊन त्यानं कपाटामागं बघितलं, बायका ब्लाऊज घालून बघतात तो पडदाही सरकवला. आत कुणी नव्हतं हे नशीब. आक्कांनी त्याच आवाजात विचारलं, "कुणाला हुडकताय, पाव्हणं?"

सागर ओशाळला, पण क्षणभरच. "काळजीपोटी आलो," म्हणाला. मग स्वप्नालीकडं वळला. "उद्यापास्नं हितं यायचं न्हाई. फोन दे बघू."

त्यानं हात पुढं केला. सगळी मशीनं बंद. ती फोन देणार असंच मला वाटत होतं.

स्वप्नाली उठली. "त्योबी काळजीच करायचा," म्हणाली.

"कोण त्यो?" सागरचा आवाज चढला.

"गोष्टीतला. मीराला कोंडून घालायचा."

"मग? जीव असला की माणूस करतोयच तसं."

"ती गेली परत त्याच्याकडं," स्वप्नाली म्हणाली. "मी न्हाई यायची तुमच्या घरी."

मोटारसायकलचा आवाज लांब गेला तशी मी स्टुलावर बसले आणि पदरात तोंड घालून रडले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. वंदनानं सगळ्यांना पाणी दिलं. आक्कांनी मोबाईल उचलला, परत खाली ठेवला.

"पोरी, ऱ्हाऊ दे का आजच्या दिवस?"

"का म्हणून?" स्वप्नालीनं मशीनचं चाक फिरवलं. "वाचा की. हिरोचा आवाज जरा मोठा काढा."