जहाज, कोविड आणि आम्ही मुरुड-उरणवाले

सुट्टीवर मुरुडला आलो की पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारतंच, "काय संदेश, त्या कोविडात तुम्ही जहाजावर केलंत तरी काय?" मी एक किस्सा सांगतो. तो संपेपर्यंत दुसरा आठवतो, दुसऱ्याच्या पोटातून तिसरा निघतो, आणि घरून आईचा फोन येतो की भात गार झाला!

आधी माणसं सांगतो, म्हणजे घोटाळा नको. मी क्रूझवर केबिन स्टुअर्ड. म्हणजे खोल्या आवरायच्या, चादरी बदलायच्या, पाहुण्यांना हवं-नको बघायचं. डेकवरच्या खलाशांचे मुकादम आमच्या मुरुडचेच, नाझिमचाचा. अर्धं आयुष्य पाण्यावर गेलेलं. आणि दवाखान्यात नर्स होती उरणची कविताताई. एरवी शुद्ध बोलणार, पण चिडली की थेट आगरी! तेवढ्या अवाढव्य जहाजावर रायगडचे आम्ही तिघंच. पण आवाज तिघांचाच जास्त.

*

लॉकडाऊन लागला तेव्हा पाहुणे उतरले आणि आम्ही अडकलो. जहाज मुंबईच्या बाहेर नांगरून ठेवलेलं. थिएटर रिकामं, स्विमिंग पूल रिकामा, आणि आम्हा साध्या स्टाफला राहायला पाहुण्यांच्या बाल्कनीवाल्या खोल्या! एका खोलीत एकच माणूस, म्हणजे लागण पसरायला नको. ज्या पलंगांवर मी जन्मभर दुसऱ्यांसाठी चादरी ताणल्या, त्यावर झोपायची वेळ आली, तर पहिले काही दिवस झोपच लागेना. शेवटी खाली गालिच्यावर झोपलो!

कविताताईच्या बाल्कनीतून तर उरणचा द्रोणागिरी डोंगर दिसायचा. डोंगराच्या पायथ्याशी घर, घरात नवरा आणि लहान मुलगी. समोर दिसतंय, पण जायचं नाही.

एका सकाळी तिचा नवरा भावाची होडी घेऊन आला. जहाजाजवळ यायची परवानगी नव्हती, म्हणून बराच लांब थांबला. मांडीवर मुलगी. कविताताई रेलिंगला धरून उभी. आम्हाला वाटलं, आता दोघं रडणार. आम्हीच डोळे पुसायला लागलो.

तेवढ्यात खालून नवऱ्याची हाक आली, "अगो, कपाटाची चावी कंच्या डब्यान ठेवलीस?"

"तांदलाच्या!" ही वरून ओरडली.

सगळं जहाज हसलं. फक्त ती मुलगी हसली नाही. ती मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, ती पांढरी भिंत खालपासून वरपर्यंत बघत होती. मग तिनं ओरडून आईला विचारलं, "आई, तू तिथं कशी चढलीस?"

होडी वळून पार लहान होईपर्यंत कविताताई हात हलवत राहिली.

*

त्याच काळात मला कोविड झाला.

खालच्या मजल्यावरची एक अख्खी गल्ली आजाऱ्यांसाठी रिकामी ठेवली होती. कविताताईनं तिचं नाव ठेवलं होतं "माहेर". "गेलात की कामाला हात लावायचा नाही, जेवण दारात, आणि मी सांगीन तेव्हाच परत जायचं!" तर मी माहेरी गेलो. ताप, खोकला, आणि भिंतीत एक गोल खिडकी. आईचा फोन आला की तिचं एकच, "समुद्रावर एवढी हवा हाय, तिथं कसा होतो रे तुला?"

तिसऱ्या-चौथ्या दिवशी भीती बसली. शेजारच्या खोलीतल्या माणसाला रात्रीतून बंदरावर नेलं होतं. तो परत आला नव्हता आणि त्याच्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं.

सकाळी खिडकीवर टकटक झाली. पाण्यावर, बाहेरच्या बाजूनं! बघतो तर चाचा. जहाजाला बाहेरून रंग मारायला दोरांवर फळी सोडतात, त्या फळीवर बसलेले. हातात ब्रश, तोंडाला मास्क. काचेतून आवाज येत नव्हता. त्यांनी खुणेनं विचारलं, जेवलास? मी मान हलवली. त्यांनी ब्रश डब्यात बुडवला आणि खिडकीभोवती रंग मारायला लागले.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. तेच तेवढंच लोखंड! कधी मुरुडच्या बाजारातल्या माणसांच्या नकला करून दाखवायचे, कधी नुसते बसायचे. पाय खाली लोंबकळत, पायाखाली हिरवं पाणी.

मी बरा होऊन बाहेर आलो त्याच्या आदल्या दिवशी कॅप्टन छोट्या बोटीतून जहाजाला फेरी मारून आले होते. आमचे कॅप्टन ग्रीक. कमी बोलायचे. त्यांनी चाचांना बोलावलं आणि म्हणाले, "तुम्ही एका खिडकीभोवती फार सुंदर काम केलंय. बाकीचं जहाज कधी?"

*

जहाज पुन्हा सुरू व्हायचं ठरलं तेव्हा नियम आला. दर थोड्या दिवसांनी प्रत्येकाची टेस्ट, कॅप्टनपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत. कॅप्टन रांगेत सगळ्यांच्या मागे उभे राहिले. कविताताईनं नाकात काडी घातली आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अटलांटिकच्या वादळात असं झालं नव्हतं," ते म्हणाले.

"वादळ नाकात शिरलं नसेल, सर," ही म्हणाली. "नेक्स्ट!"

पण कविताताईचा त्या काड्यांपेक्षा दुसऱ्याच टेस्टवर विश्वास होता. चाचा घरून सुके बोंबील घेऊन यायचे आणि कधीमधी स्टाफच्या मेसमध्ये भाजायचे. वास इंजिन रूमपर्यंत! आमचा सेकंड इंजिनियर पोलंडचा. बोंबील भाजले की तो ताट उचलून शिव्या देत बाहेर जायचा, हे ठरलेलं.

एके दिवशी चाचांनी बोंबील भाजले, आणि हा शेजारच्याच टेबलावर शांतपणे सूप पीत बसलेला! वर आम्हालाच विचारतो, "आज काय आहे जेवायला?"

कविताताईच्या हातातला पाव हातातच राहिला. "ऑ! याला वास येत नाय! उठवा याला, कुणी शिवू नका!"

टेस्ट केली, पॉझिटिव्ह. संध्याकाळी त्याच्याच पाळीवर दहा-बारा जण छोट्याशा कंट्रोल रूममध्ये बसणार होते. तेव्हापासून दर सोमवारी मेसमध्ये बोंबील भाजायला कॅप्टननी परवानगी दिली. लेखी!

*

मग पाहुणे परतले. मास्क लावून, सॅनिटायझरच्या बाटल्या गळ्यात अडकवून, एकमेकांकडे संशयानं बघत. लिफ्टमध्ये कुणी शिंकलं तर लिफ्ट पुढच्याच मजल्यावर रिकामी व्हायची. अशा दिवसांत घाटकोपरच्या एका कुटुंबानं आमच्या जहाजावर लग्न ठरवलं. मोजकी माणसं, गोव्याजवळ जहाज नांगरलेलं, मोकळ्या डेकवर मंडप.

लग्नाच्या सकाळी नवरदेव पॉझिटिव्ह!

त्याला काही होत नव्हतं, नुसता घसा खवखवत होता. पण कविताताईनं त्याला बाल्कनीवाल्या खोलीत बंद केलं. खाली रडारड. मुलाचे वडील म्हणाले पुढे ढकलू, मुलीची आजी म्हणाली मुहूर्त टळणार नाही. नवरी मात्र उठली आणि मंडपातून बाहेर चालायला लागली. आम्हाला वाटलं, रुसून चालली. ती गेली थेट त्या बाल्कनीच्या खाली, जिथून नवरदेव दोन मजले वर दिसत होता, आणि म्हणाली, "फेरे नंतर घेऊ. हार आज घालू."

भटजींनी माईक घेतला. आता हार वर जायचा कसा? नवरीच्या भावानं जोर लावून फेकला. तो वाऱ्यानं उचलला आणि समुद्रात! दुसरा हार पहिल्या मजल्याच्या दिव्यात अडकला. आणलेल्या हारांपैकी राहिले दोनच, एक त्याचा, एक तिचा.

तेव्हा चाचा पुढे आले. जहाज धक्क्याला लागताना आधी एक बारीक दोरी फेकतात, टोकाला जड गाठ असलेली. ती दोरी त्यांनी आणली. अर्धी एका हातात गुंडाळली, अर्धी दुसऱ्या. वारा गालावर घेतला. चाचांनी हात मागे नेला आणि सोडला.

दोरी उलगडत गेली. वर, अजून वर. आणि ती गाठ नवरदेवाच्या कठड्यावरून पलीकडे जाऊन त्याच्या पायाशी टपकन पडली.

नवरदेवानं दोरी ओढली, खालच्या टोकाला बांधलेला हार डोलत वर गेला. त्यानं तो घातला. त्यानं तिला घालायचा हार खालीच होता. नवरीनं तो उचलला, वर त्याच्याकडे बघितलं, त्यानं मान डोलावली, आणि तिनं तो आपल्याच हातानं आपल्या गळ्यात घातला. मग जी टाळ्यांची लाट आली! सगळ्या बाल्कन्यांमधून अनोळखी माणसं ओरडत होती.

चाचा दोरी परत गोळा करायला गेले, तर कविताताई आडवी आली. "वरचं काही खाली यायचं नाही!"

चाचांनी एकदा वर दोरीकडे बघितलं. "चला," म्हणाले, "आपला आहेर झाला."

*

आणि वर्तकबाई.

वर्तकबाई नांदगावच्या. मुरुडच्या अलीकडचं गाव, नारळ-सुपारीच्या वाड्या, वाडीच्या मागे समुद्र. बाईंनी जन्मभर तिथल्या शाळेत शिकवलं. रोज उठून समुद्र बघितला, पण समुद्रातून आपलं घर कसं दिसतं ते कधी बघितलं नाही. तेवढ्यासाठी नातीनं त्यांचं तिकीट काढलं होतं. मुंबईहून गोव्याला जाताना नांदगाव काळोखात निघून गेलं. परत येताना जहाज तिथून तिन्हीसांजेला जाणार होतं. बाईंनी त्याच वेळेवर डोळे लावलेले.

गोव्यात त्यांना ताप आला. टेस्ट पॉझिटिव्ह.

वय झालेलं. ऑक्सिजन खाली यायला लागला. कविताताई त्या रात्री त्यांच्या उशाशी पीपीई किट घालून बसून होती. सकाळी आकडा सावरला. डॉक्टर म्हणाले, धोका टळला, पण मुंबईपर्यंत खोलीबाहेर नाही. आणि खोली आतल्या बाजूची, खिडकीच नाही.

मी जेवण घेऊन गेलो. बाईंनी तक्रार केली नाही. एवढंच विचारलं, "नांदगाव कुठल्या बाजूला येईल रे?"

"उजव्या हाताला, बाई."

त्यांनी खुर्ची उचलून उजव्या भिंतीकडे वळवली आणि तिच्याकडे तोंड करून बसल्या. "आलं की दार वाजव," म्हणाल्या. "मी बघत असेन."

मी हे कविताताईला सांगितलं. ती सरळ कॅप्टनकडे गेली.

दुपारी स्पीकरवर कॅप्टनचा आवाज आला. एका आजारी पाहुणीला तिचं घर बघायचं आहे. संध्याकाळी थोडा वेळ उजव्या बाजूचा वरचा डेक मोकळा ठेवाल का? मला वाटलं, आता बोंबाबोंब होणार. सकाळीच दोन माणसं लिफ्टवरून हातघाईवर आली होती. पण संध्याकाळी मी किट घालून बाईंना चाकांच्या खुर्चीतून वर आणलं, तर अख्खी बाजू रिकामी. सगळे पाहुणे पलीकडे, पाठ न फिरवता, गप्प उभे.

किनारा म्हणजे एक काळी रेघ झाली होती. बाईंनी मास्कमधूनच सुनेला फोन लावला. "अंगणातला दिवा लावलास ना? तेवढाच ओळखेन मी."

चाचा दूर उभे होते. मला हळूच म्हणाले, "इतक्या लांबून एक बल्ब दिसायचा नाही रे." कॅप्टननी नियमात बसेल तेवढं जहाज किनाऱ्याकडे घेतलं होतं. तरी रेघ काळीच. चाचांनी आपली दुर्बीण बाकावर ठेवली आणि मागे सरकले. बाईंनी ती डोळ्यांना लावली.

एक ठिपका लागला.

मग त्याच्या शेजारी दुसरा. मग पाच. मग मोजता येईनात. नांदगावपासून पार काशीदच्या बाजूपर्यंत पुळणीच्या वाळूवर दिवे लागत गेले. टॉर्च, मोटारसायकलींचे दिवे, पेटवलेल्या झावळ्या, उंच धरलेले मोबाईल. कविताताईनं माझा दंड पकडला होता.

फोनमधून सून ओरडत होती, "आई, मी कुणालाच सांगितलं नव्हतं हो! फक्त शेजारणीला बोलले! तुमची सगळी शाळा आल्ये इथं! म्हातारे झालेलेसुद्धा आलेत! उभे आहेत सगळे!"

बाई कितीतरी वेळ दुर्बिणीतून बघत राहिल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग फोन तोंडाशी धरला.

"दिसलात रे सगळे," बाई म्हणाल्या. "बसा आता खाली."

पलीकडे सुनेची हाक ऐकू आली, "बाई म्हणतात, बसा!"

आणि त्या काळ्या किनाऱ्यावरचे दिवे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक करत खाली बसले.