ओहम सरांचा बाभळीचा हेडफोन

ओहम सरांच्या घरी गेलं की पहिली पाच मिनिटं तोंड उघडायला बंदी होती. चप्पल काढायची, खुर्चीत बसायचं आणि गप्प. काकू पाण्याचा तांब्या आणून ठेवायच्या, तोसुद्धा आवाज न करता. "फटफटीवर आलेला कान पाच मिनिटं खोटं बोलतो," असं सरांचं म्हणणं. त्या पाच मिनिटांत माझा जीव कासावीस व्हायचा, कारण धारूरच्या भर बाजारातून मोटारसायकल हाणत मी यायचो तेच मुळी मत द्यायला. मत देणं हा माझा जुना आजार आहे.

सर आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडला शिकवायचे. कुठलीही गोष्ट ते शेवटी ओहमवर आणून सोडायचे, म्हणून पोरांनी नाव ठेवलं ओहम सर. मी त्यांचा विद्यार्थी, म्हणजे एका वर्षापुरता. दुसऱ्या वर्षी मी बी.ए.ला पळालो आणि पुढं पंचायत समितीत चिकटलो. "हा गेला आन माझ्या वर्कशॉपातले फ्यूज उडायचे बंद झाले," असं सर चारचौघांत सांगायचे. मी हसायचो. दुसरं काय करणार?

त्यांच्या कानाची गावात ख्याती होती. एकदा पिठाच्या गिरणीपुढून जाताना ते थांबले आणि आत डोकावून म्हणाले, "बेअरिंग जायलंय बरं का तुमचं." गिरणीवाल्यानं हसण्यावारी नेलं. पुढच्या आठवड्यात गिरणी बंद आणि गल्लीभर बाया डबे घेऊन दुसरी गिरणी धुंडाळतायत. तेव्हापासून कुणाची मोटार नवी आवाज करायला लागली की माणूस आधी सरांना बोलवायचा, मग मिस्त्रीला.

माझी त्यांच्याशी दुसऱ्यांदा गाठ पडली ती माझ्या शहाणपणामुळे. इंटरनेटवर वाचून वाचून मी एक भारी हेडफोन मागवला होता, अक्रोडाच्या लाकडी वाट्यांचा. तो मोबाईलला जोडला तर आवाज आला डास गुणगुणावा तसा. मी ऑफिसात सांगितलं, आवाज फार सूक्ष्म आहे, सगळ्यांना कळणार नाही. घरी मात्र डाळ शिजली नाही. वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "घाण्याच्या बैलाला झापड बांधतेत तसं दिसायलंय. बैल निदान तेल तरी काढतो." मग मी गुपचूप सरांकडं गेलो.

सरांनी हेडफोन उलटा करून आकडा वाचला. "कावून मोबाईलला जोडलास बे? तीनशे ओहमचं हाय हे." मग त्यांनी पाण्याचा हिशोब सांगितला. जास्त ओहमच्या हेडफोनला उंच टाकीचं पाणी लागतं, म्हणजे व्होल्टेज. कमी ओहमवाल्याला टाकी बुटकी चालते, पण पाइप जाड पाहिजे, म्हणजे करंट. "आन तुजा मोबाईल मंजी हंडा. हंड्यावर कारंजं उडवाय निगालास तू." मी मान डोलावली. मला फक्त हंडा कळला होता.

निवृत्तीनंतर सरांनी हाच नाद धरला होता. त्यांच्या टेबलावर दोन ॲम्प्लिफायर असायचे. एक बाहेरून मागवलेला, काळा, चपटा, ट्रान्झिस्टरचा. दुसरा त्यांनी स्वतः बांधलेला, जुन्या व्हॉल्व्हचा, चालू केला की चार काचेच्या नळ्या हळूहळू लाल होणारा. हेडफोनही दोन. शिसवी वाट्यांचा परदेशी, कमी ओहमचा, तो काळ्या ॲम्पवर खुलायचा. आणि दुसरा बाभळीचा. तो सरांचा. आतले पडदे विकतचे, तीनशे ओहमचे, पण वाट्या आपल्या बालाघाटातल्या बाभळीच्या. बाजारातल्या लाकूड कातणाऱ्या काताऱ्याकडं बसून त्या करून घेतलेल्या. तो बिचारा म्हणायचा, "सर, लाटणी सांगा, डझनभर देतो, पण ही बाभूळ नगं." चार वर्षं सर त्या एका जोडीमागं होते, बाभळीचा हेडफोन आणि व्हॉल्व्हचा ॲम्प. "अक्रोड गोड बोलतंय," ते म्हणायचे, "बाभूळ खरं बोलती. मरायच्या आदी ही जोडी जमली पायजे." हे ते हसत म्हणायचे, पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

मला तेव्हा नवे शब्द लागले होते. बेस घट्ट आहे, मिड्स मोकळे आहेत, स्टेज रुंद आहे. मिड्स नेमके कुठं असतात ते मला आजही माहीत नाही. एका रविवारी सरांनी दोन्ही ॲम्पवर चादर टाकली आणि म्हणाले, "सांग, कोन्ता चालूय." मी डोळे मिटले, मान तिरपी केली आणि व्हॉल्व्हच्या आवाजातल्या उबेवर बोललो. बराच वेळ बोललो. सरांनी चादर काढली. हेडफोन काळ्या ट्रान्झिस्टरला लावलेला होता. व्हॉल्व्हचा ॲम्प नुसताच माझ्या कोपराजवळ तापत पडलेला.

"ऊब लागलीच असंल," सर शांतपणे म्हणाले, "लई जवळ बसलावतास."

काकू आत जाऊन हसल्या. त्या दिवशी मी शपथ घेतली की या घरात स्वतःचं मत म्हणून द्यायचं नाही. सर म्हणतील ते खरं. "हो सर," एवढेच दोन शब्द. आणि गंमत म्हणजे त्यानंतर सरांना मी आवडायला लागलो. "आता तुजा कान तयार व्हायलाय," ते म्हणाले. मीही ते खरं मानलं. माणसाला मूर्ख बनवायला दुसरा लागतोच असं नाही.

सरांकडं तपासणीचं एक ठरलेलं रेकॉर्डिंग होतं. धर्मापुरीच्या देवळात त्यांनी स्वतः टेपवर घेतलेलं भजन, पखवाज आणि टाळांचं. त्यात मध्येच कुणीतरी खोकतं. "डावीकडं, दोन हात मागं," सर बोट करून दाखवायचे. "आमचा शिपाई होता. ह्या खोकल्याची जागा हलली की समज ॲम्पात खोट हाय."

मग कधीतरी सर म्हणायला लागले, टाळ दबले. "पैल्यासारके झणकत न्हाईत. व्हय ना?" मला तर टाळ चांगले खणखणीत ऐकू येत होते. पण शपथ होती. "हो सर, जरा दबलेत." सरांनी ॲम्प उघडला. कपॅसिटर बदलले. पुढच्या वेळी टाळ आणखी चढले. "आता?" "हो सर, पण अजून थोडं..." मी त्यांचा चेहरा बघून बोलायचो. त्यांनी व्हॉल्व्ह बदलले, हेडफोनच्या कातड्याच्या गाद्या काढून मखमलीच्या घातल्या, वाट्यांना आतून कानशीनं घासून पातळ केलं. दोन वर्षं हे चाललं. दर खेपेला टाळ जास्त टोकदार. शेवटी तर कानात सुया खुपसल्यासारखं व्हायचं. एकदा माझ्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं, तर सर गहिवरून म्हणाले, "रडायला लागला की बे तू!" मी डोळे पुसत म्हणालो, "हो सर."

एवढं होऊनही त्यांचं समाधान होईना. "बाभळीतच खोट असंल," ते एक दिवस म्हणाले. इतकी वर्षं जीव लावलेल्या त्या वाट्या हातात फिरवत ते म्हणाले, "पुढच्या रविवारी मोडतो. जमंना तर कशाला ठिवायचं?" मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण बोललो नाही. आता बोलायचं म्हणजे दोन वर्षांचं सगळंच बोलावं लागलं असतं.

तो रविवार आला. सकाळचे अकरा, लाइट गेलेली, ॲम्प यूपीएसवर. मोडण्याआधी सरांनी एकदा शेवटचं ऐकायचं ठरवलं. भजन अजून लावलं नव्हतं. त्यांनी शिसवी हेडफोन मला दिला, बाभळीचा स्वतः घातला, आणि नुसत्या शांततेची तारीफ सुरू केली. "बग, मागं कसं निवांत हाय. घरघर न्हाई, कुरकुर न्हाई. टाचणी पडली तरी ऐकाय यील."

यूपीएस टूं टूं करून कोकलत होता. दर दोन सेकंदांनी. सरांच्या पायाशीच.

"हो सर," मी म्हणालो. "एकदम निवांत."

एवढ्यात काकू हात पुसत बाहेर आल्या. "अवो, ते टूं टूं कवाचं वरडतंय! डोकं उठलं माजं. बंद करा की."

"काय वरडतंय?" सरांनी हेडफोन उतरवला.

"त्ये काय, पायाशी तुमच्या!"

सर खाली वाकले. यूपीएसचा लाल दिवा मिचमिचत होता. त्यांनी कान अगदी त्याच्याजवळ नेला आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"तुला येतंय ऐकू?"

"हो सर."

दोन वर्षांतलं माझं पहिलं खरं 'हो सर'.

"आन टाळ?"

"टाळ लई टोचतेत, सर."

"कवापासून?"

"दोन वर्षं झाली."

काकू पदर तोंडाला लावून उभ्या. सर सावकाश खुर्चीत बसले. मला वाटलं, आता हाकलतात. पण त्यांनी ॲम्पवर हात ठेवला आणि विचारलं, "मंजी ह्याच्यात खोट न्हवती?"

"नव्हती, सर. तुम्ही पहिल्यांदा उघडायच्या आधी फार सुंदर वाजत होता."

क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी पाहिलं. मग ते म्हणाले, "माजे कान वयानं गेले. त्याचं काय न्हाई, जातेत. पर तुजे तर शाबूत होते की बे!"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

निघताना मागून हाक आली. "पुढच्या रविवारी येताना सूनबाईला घिऊन ये."

वैशालीनं हेडफोन घातला, भजन लागलं आणि दहा सेकंदांत तिनं तो ओढून काढला. "अगं बाई! कानात कुनी फोडनी टाकल्यागत झालं." परत घातला. "आन हे खोकायलंय कोन?"

"कुटं?" सर पुढं सरकले.

"हितं, डाव्या अंगाला. जरा मागं."

सरांनी टेबलावर थाप मारली. त्या दिवसापासून माझी बदली स्वयंपाकघरात झाली, काकूंच्या हाताखाली, चहा गाळायला. बाहेर सर एकेक जुना भाग परत बसवायचे, पातळ झालेल्या वाट्यांना आतून बाभळीचंच अस्तर द्यायचे, हेडफोन तिच्या कानाला लावायचे आणि तिच्या तोंडाकडं बघत बसायचे. ती कधी म्हणायची, बरं झालं. कधी म्हणायची, बिघडलं. आणि पुष्कळदा सरळ म्हणायची, "मला तर काय फरक वाटंना." हे वाक्य मी उभ्या जन्मात उच्चारलेलं नाही.

मधे सर बीडला जाऊन कान तपासून आले. यंत्र मिळालं. बोलणं चांगलं कळायला लागलं, पण यंत्रावर हेडफोन चढवला की यंत्रच शिट्टी मारायचं, आणि यंत्र काढलं की टाळ गायब. जोडी आता जमली तरी सरांना ती ऐकू येणार नव्हती. तरी काम थांबवलं नाही. मग लेक येऊन दोघांना लातूरला घेऊन गेली. जाताना ॲम्प आणि बाभळीचा हेडफोन सरांनी वैशालीच्या स्वाधीन केला. मला म्हणाले, "हात लावाय हरकत न्हाई तुला. मत द्यायचं न्हाई."

लातूरला सर चार महिनेच होते. पाचव्यात गेले. पण जायच्या आधीचं एक सांगायलाच हवं.

ॲम्पातलं एकच काम राहिलं होतं. मूळचे दोन व्हॉल्व्ह सरांनी त्या दोन वर्षांत कुणाला तरी देऊन टाकले होते, आणि तसे जुने कुठं मिळेनात. लातूरला एका म्हाताऱ्या रेडिओ मिस्त्रीकडं मिळाले. सरांनी ते कापसात गुंडाळून एसटीच्या पार्सलनं पाठवले. आले तेव्हा वैशाली भावाच्या बाळाच्या बारशाला लिंबागणेशला गेलेली. मीच बसवले. तापू दिले. बाभळीचा हेडफोन घातला आणि भजन लावलं.

कसं सांगू? टाळ टाळांसारखे वाजत होते. पखवाजवाल्याचा हात कातड्यावर पडायच्या आधीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मी धर्मापुरीच्या त्या देवळात भिंतीला टेकून बसलोय असं वाटलं. सर इथं हवे होते, असं इतकं वाटलं की भजन संपायच्या आतच मी फोन लावला.

"सर, बसवले व्हॉल्व्ह."

"वाजवून बगितलं?"

"हो सर."

"मग? कसं हाय?"

माझ्याकडचे ते सगळे शब्द, बेस आणि मिड्स आणि स्टेज, एकही आठवेना. "चांगलं वाजतंय, सर," मी म्हणालो.

पलीकडून नुसतं "हं" आलं.

"सर, खरंच. लई चांगलं वाजतंय."

"बरं बरं," सर म्हणाले. फार मायेनं म्हणाले. "सूनबाई कवा येनार हाय?"

"बुधवारी."

"आली की फोन लावाय सांग तिला."

बुधवारी ती आली. पाय धुतले, चहासुद्धा न घेता बसली आणि पूर्ण भजन ऐकलं. मी समोर निकालाची वाट बघत उभा. मग तिनं फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"चांगलं वाजतंय, सर," ती म्हणाली. शब्द न् शब्द माझाच.

"झालं तर मग!" पलीकडून सर ओरडलेच. आणि फोन न ठेवताच आत काकूंना सांगायला लागले, "अगं, ऐकलंस का? जमलं! जमली जोडी!"