लॉरीच्या पुढे चालणारा नाईक

त्या वर्षी सप्टेंबरात आमच्या ट्रान्स्पोर्ट कंपनीचा एक सेक्शन पुण्याहून सिकंदराबादला निघाला होता. सगळ्या सहाचाकी लॉऱ्या. पावसाळ्यात, कच्च्या रस्त्यावर या गाड्या किती टिकतात, ते वरच्या साहेबांना पाहायचं होतं. वाटेत सोलापूरला मुक्काम पडला. स्टेशनपलीकडच्या माळावर तंबू ठोकले, लॉऱ्या ओळीनं लावल्या आणि आम्ही चाकांचा चिखल खरवडायला बसलो.

सोलापूर मला परकं नव्हतं. माझं गाव मैंदर्गीच्या बाजूला, घर मेंढरांचं. लहानपणी बापाबरोबर घोंगड्या विकायला मी नव्या पेठेत चालत आलो होतो. यायला दोन दिवस, जायला दोन दिवस.

फौजेत मी गेलो तो खेचरांच्या तुकडीत. भरतीच्या हवालदारानं विचारलं, "जनावरं सांभाळलीस का?" मी हो म्हणालो, तेवढ्यावर काम ठरलं. सरहद्दीवर पाच वर्षं खेचरं हाकली. पहाटे उठून खरारा, मग दाणा, मग पाठीवर ओझं, आणि दिवसभर डोंगरातली पायवाट. मग एक दिवस परेडवर हुकूम वाचला. खेचरांची तुकडी मोडली. ज्यांना मोटर शिकायची त्यांनी नाव द्यावं, बाकीच्यांनी घरी जावं. मी नाव दिलं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नाईक रसूलनंही दिलं, पण बऱ्याच वेळानं.

रसूल सोलापूर शहरातला. त्याचे वडील चाँदसाहेब नव्या पेठेत टांगा चालवत, त्यांना सगळे चाँदभाई म्हणत. रसूल घोड्यांच्यातच वाढलेला. खेचराच्या कानाकडं बघून तो सांगायचा की हे आज ओझं पाडणार. मोटर मात्र त्याला आली नाही. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडायची. इन्स्ट्रक्टर ओरडायचा, रसूल शांतपणे खाली उतरून बॉनेटवर हात फिरवायचा आणि म्हणायचा, "चल बेटी, फिरसे." शेवटी त्याला माझ्या लॉरीवर दिलं. हुद्द्यानं तो मोठा, आणि चालवायचो मी. दुसऱ्या कुणाला हे खटकलं असतं. तो म्हणाला, "तू हाक. मैं रस्ता देखता."

मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर, कलेक्टर कचेरीतला शिपाई सायकलवरून कँपात आला. अक्कलकोट रोड स्टेशनवरून तार आली होती. मैंदर्गीच्या बाजूच्या वस्त्यांवर पटकी, म्हणजे कॉलरा, लागली होती. माणसं मरत होती. डॉक्टर तयार होते, लस तयार होती. आगगाडी स्टेशनपर्यंत पोचवणार, पण पुढं काळ्या मातीचा रस्ता, त्यात पाऊस, आणि बैलगाड्या दोन दिवस हलत नव्हत्या.

लेफ्टनंट साहेबानं मला बोलावलं.

"बिरप्पा, रास्ता मालूम?"

"जी साब. घर उधर है."

"लॉरी जाएगी?"

"बीच में नाला है साब. भरा होगा."

साहेबानं नकाशा पाहिला, मग लॉरीकडं पाहिलं. "ट्राय करो," म्हणाला. तेवढाच हुकूम.

निघालो तेव्हा लॉरीत मी, रसूल आणि डॉक्टर देशपांडे. डॉक्टर सरकारी दवाखान्यातले, चाळिशीचे, चष्म्यावर पावसाचे थेंब पडले की वैतागणारे. मागं लसीच्या पेट्या, विहिरीत टाकायचं लाल औषध, पेट्रोलचे डबे आणि चाकांना बांधायच्या साखळ्या. पक्का रस्ता संपेपर्यंत ठीक चाललं. मग काळी माती लागली. ती चाकाला चिकटते, चाक जाड होतं आणि गाडी जागेवरच दळायला लागते. आम्ही साखळ्या चढवल्या. रसूल बहुतेक वेळ खालीच होता. बाभळीच्या फांद्या तोडून चाकाखाली घालत होता.

दुपारी नाल्याशी आलो. एरवी त्यात पायाचा घोटा बुडत नाही. त्या दिवशी ते पाणी दोन्ही काठ धरून वाहत होतं, तांबडं, त्यात झुडपं वाहत होती. तळाला जुनी फरशी होती, बैलगाडीपुरती रुंद. फरशीवर चाकं राहिली तर निघू. बाजूला घसरली तर लॉरी आणि लस दोन्ही गेली. आणि फरशी दिसत नव्हती.

मी पंख्याचा पट्टा काढला. नाहीतर पंखा पाणी उडवतो, इंजिनला ठिणगी देणारा मॅग्नेटो भिजतो आणि इंजिन मधेच बंद पडतं. मॅग्नेटोला ग्रीस लावलेलं फडकं गुंडाळलं. डॉक्टर पेट्या मांडीवर घेऊन बसले.

"नाईक," मी म्हणालो, "फरशी दिसना."

"पाँव कू दिखती," रसूल म्हणाला. त्यानं बूट काढून सीटवर ठेवले. दोराचं एक टोक लॉरीच्या पुढच्या हुकाला बांधलं, दुसरं कमरेला. आणि तो पाण्यात उतरला.

तो पुढं चालत होता, मी पहिल्या गिअरमध्ये मागं. एक पाय टाकायचा, चाचपायचा, मग हात वर करायचा. डावा हात वर केला की मी डावीकडं, उजवा केला की उजवीकडं. कमरेचा दोर तो मधेमधे हातात धरायचा, खेचराची दोरी धरून डोंगर चढावा तसा. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, मधोमध छातीला लागलं. एकदा त्याचा पाय निसटला. तो पाण्याखाली गेला, दोर ताठ झाला. मी ब्रेकवर पाय दाबून बसलो, दुसरं काहीच करता येईना. मग त्याचं डोकं वर आलं, खोकला ऐकू आला, आणि हात वर झाला. उजवा. मी स्टिअरिंग उजवीकडं वळवलं.

पलीकडच्या काठावर चढलो तेव्हा डॉक्टरांनी चष्मा पुसला. रसूलनं अंगातला शर्ट पिळला आणि बूट घातले.

वस्तीवर पोचलो तर वेगळीच गंमत. लॉरीचा आवाज ऐकून मेंढरं चहूकडं पांगली, पोरं खोपटांत पळाली. मोठी माणसं काठ्या घेऊन पुढं आली, त्यात माझा मामा मायप्पा. त्यानं मला ओळखलं नाही. खाकी कपड्यांत मला कधी पाहिलंच नव्हतं.

"मामा, मी बिरप्पा."

"बिऱ्या? आन् हे लोखंडाचं काय आनलंस?"

मी सगळं सांगितलं. टोचायचं म्हटल्यावर मामा मागं सरला. मागची एक म्हातारी कानडीत म्हणू लागली, "बेडा, बेडा." नको, नको.

"हितं कुनी टोचून घ्यायाचं न्हाय," मामा म्हणाला. "मागल्या साली पलीकडच्या गावात टोचलं. समदी तापानं फणफणली. इहिरीत लाल पानी टाकलं, इहीर बाटली."

"मामा, तापानं कुनी मेलं का?"

"न्हाय. पर भ्याली की समदी. तू फौजेत गेलास म्हून आमी भ्यायाचं न्हाय, व्हय?"

डॉक्टर समजावू लागले. ते शुद्ध बोलत होते, त्यांना 'जंतू' हा शब्द टाळता येत नव्हता, आणि माणसं त्यांच्या तोंडाकडं नुसती बघत होती. मी मधे पडलो तर मामा चिडला. तेवढ्यात रसूलनं ओला शर्ट काढला आणि लॉरीच्या फळीवर बसला.

"डॉक्टरसाब, पैले मेरेकू."

गेल्या खेपेला कंपनीत टोचलं तेव्हा तो रजेवर होता. डॉक्टरांनी सुई घातली. वस्तीवरची सगळी माणसं वाकून बघत होती. रसूलनं तोंड वाकडं केलं, मग हसला आणि मामाला म्हणाला, "चाचा, खेचर की लात इससे भारी रैती." मामाला किती कळलं कोण जाणे, पण तो हसला. सगळ्यात आधी माझी मामी पुढं आली, कडेवर नात घेऊन. मग ओळ लागली.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आणि दुसरा पूर्ण दिवस आम्ही तेच केलं. डॉक्टर टोचत, मी पाणी उकळत, विहिरीत औषध टाकत. आजारी माणसं एका खोपटात ठेवली होती. तिथं रसूल होता. उचलणं, पुसणं, मिठाचं पाणी पाजणं. आजाऱ्याला हात लावायला घरचेही बिचकत होते, तो बिचकला नाही. डॉक्टर त्याला दर वेळी हात धुवायला सांगायचे. तो धुवायचाही. पण एवढ्या कामात कुठं चुकलं, ते कुणाला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो लॉरीच्या मागं बसलेला दिसला, गुडघ्यांत डोकं घालून. त्याच्या हाताची बोटं पांढरी, सुरकुतलेली झाली होती. हे लक्षण मी दोन दिवस खोपटातल्या आजाऱ्यांच्या हातांवर पाहत होतो. मी डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी नाडी धरली आणि मला बाजूला घेतलं.

"आत्ता टोचलेलं आठवडाभरानं कामाला येतं," ते म्हणाले. "इथं माझ्याकडं शिरेतून द्यायचं पाणी नाही. सोलापूर गाठलं तर बघू."

मी रसूलला उचलायला गेलो. त्यानं माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता.

"पिछेसे ले," तो म्हणाला. "लोगां देखेंगे तो बोलेंगे, सुई से मऱ्या. फिर कोई नै आता."

अजून पलीकडच्या दोन वस्त्या टोचायच्या होत्या. डॉक्टर मागं राहणार होते. मी लॉरी वळवून खोपटांच्या आडोशाला घेतली, त्याला मागं घोंगडीवर निजवलं आणि ताडपत्री पाडली. हँडल मारलं. नाल्याचं पाणी उतरलं होतं, फरशी दिसत होती. मी जमेल तेवढी जोरात चालवली. होटगीच्या अलीकडं रेल्वेच्या फाटकाला मालगाडीसाठी थांबावं लागलं. उतरून मागं पाहिलं, तेव्हा तो गेला होता.

सोलापुरात त्याला पुरलं. सेक्शननं सलामी दिली. साहेबानं चाँदभाईंचा हात हातात घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सिकंदराबादकडं निघालो. हुकूम तसा होता.

हिवाळ्यात रजेवर आलो तेव्हा मी वस्तीवर गेलो. रसूल कशानं गेला ते खरं सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. मामा मेंढ्यांची लोकर कातरत होता. मी सुरुवात केली तसं त्यानं कातर खाली ठेवली.

"ठावं हाय आमाला," तो म्हणाला. "तू त्याला मागच्या बाजूनं न्हेलंस. तुझ्या मामीनं बघितलं की."

"मग?"

"मग काय. डाक्टर पलीकडच्या वस्तीवर गेला तवा मामी त्याच्याबर गेली. तितल्या बायकांना तिनं सांगितलं, घ्या टोचून." कातर परत उचलत तो म्हणाला, "परका मानूस पुरात चालत आला. आमी काय पळून जायाचं?"

काही वर्षांनी मी पेन्शन घेतली. तोवर रस्त्यावर मुरूम पडला होता आणि सोलापूरहून आमच्या बाजूला पॅसेंजर नेणारी सर्व्हिस मोटर सुरू झाली होती. माझ्याकडं लायसन होतं, मोटरच्या मालकानं ठेवून घेतलं. खेड्यातली माणसं मोटरनं कशी बदलली, ते मी स्टिअरिंगमागून पाहिलं. अडलेली बाळंतीण त्याच दिवशी दवाखान्यात पोचू लागली. घोंगडीवाले सकाळी नव्या पेठेत जाऊन संध्याकाळी घरी येऊ लागले. एकमेकांच्या सावलीला न जाणारी माणसं एका बाकावर कुरकुरत बसली आणि महिन्याभरात कुरकुर थांबली. पूर्वी पाहुणा आला की दोन दिवस राहायचा. आता शेवटची मोटर चुकेल म्हणून जेवण अर्धं टाकून उठतो. माझी बहीण याबद्दल मलाच बोल लावते.

टांगे मात्र कमी झाले. चाँदभाईंचा घोडा म्हातारा होऊन मेला, त्यांनी दुसरा घेतला नाही. मोटर स्टँडवर ते रोज दिसायचे. मी सलाम करायचो. पण मोटरमध्ये ते कधी बसले नाहीत.

एका सकाळी ते स्वतःहून आले आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसले. "वो नाला दिखा मेरेकू," एवढंच म्हणाले.

उन्हाळ्याचे दिवस होते. नाल्याशी मी गाडी थांबवली, पॅसेंजरांना पाच मिनिटं सांगितली. पाण्याची बारीक धार फरशीवरून चालली होती. चाँदभाई काठी टेकत मध्यापर्यंत गेले. मी बरोबर होतो.

"पानी कित्ता था?"

मी छातीला हात लावून दाखवला.

"रसूल कू तैरना नै आता था," ते म्हणाले. "हमारे घर में किसीकू नै आता. सोलापूर में पानीच कां है?"

खेचरांच्या तुकडीपासून मी त्याच्याबरोबर होतो. एका तंबूत झोपलो, एका ताटात जेवलो. मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी त्यानं बूट काढले, दोर बांधला आणि पाण्यात उतरला, तेव्हा तो याबद्दल एका शब्दानं बोलला नाही.

लढाईत पडलेल्यांची नावं छावणीतल्या दगडावर कोरतात. पटकीनं गेलेल्याचं कोरत नाहीत. म्हणून इथं लिहितो. नाईक रसूल चाँदसाहेब, ट्रान्स्पोर्ट कंपनी, राहणार सोलापूर.