मी आत्याला बेपत्ता केलं तेव्हा

काका गेले ते दोन गोष्टी मागे ठेवून. एक, गिरगावातला चौथ्या मजल्यावरचा ब्लॉक. दुसरी, मला कायद्यातलं कळतं हा त्यांचा गैरसमज. पहिली गोष्ट त्यांनी मृत्युपत्रात माझ्या धाकट्या आत्याला दिली आणि दुसरीपायी त्याच मृत्युपत्रात मला व्यवस्थापक नेमलं. गैरसमजाला कारण मीच. रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो की वर्तमानपत्रातलं कायद्याचं सदर मी मोठ्यानं वाचायचो, आणि उत्तर वाचायच्या आधी स्वतःचं मत द्यायचो. ते बरेचदा चुकायचं; पण काकांना तोवर डुलकी लागलेली असायची.

काका अविवाहित आणि धाकटी आत्याही अविवाहित. दोघं बहीण-भाऊ आयुष्यभर त्या ब्लॉकमध्ये राहिले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी काका गेले, तोवर आत्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. इमारतीला लिफ्ट नव्हती. आत्यानं खाली उतरणं सोडलंच होतं. भाजीसुद्धा दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर यायची. म्हणून मी तिच्यासाठी वसईत, उमेळ्याला, तळमजल्यावरची जागा शोधून ठेवली. वाडी तोडून इमारत झाली होती आणि वाडीच्या मूळ मालकाच्या वाट्याला आलेला हा फ्लॅट तो विकायला काढत होता. मागच्या दारी थोडी मोकळी माती, एक सोनचाफा. आत्यानं जागा पाहिलीसुद्धा नव्हती, तरी रोज फोनवर विचारायची, "चाफ्याला फुलं आली का रे?" मालक म्हणाला होता, "दसऱ्यापरत थांबतो. पुढं माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक हाय."

आता गिरगावचा ब्लॉक विकल्याशिवाय उमेळ्याचा घेता येणार नव्हता, आणि प्रोबेट मिळाल्याशिवाय ब्लॉक आत्याच्या नावावर होणार नव्हता. प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टानं सांगणं. जागा वसईत असती तर याची गरज पडली नसती. पण मुंबईतल्या जागेला तेव्हा ते लागायचंच. वसईतल्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "सगळे वारस लिहून आणा. ज्यांची हरकत नाही त्यांच्या सह्या घेऊ, म्हणजे काम सरळ होईल."

काम सरळ होईल हे ऐकलं की मला काहीतरी सुचतं.

माझे वडील काकांच्या आधीच गेलेले. मला आत्या दोनच. थोरली भुईगावला दिलेली, तिथं त्यांची वाडी. आणि ही धाकटी. पण व्यवस्थापकानं ऐकीव माहितीवर जाऊ नये, म्हणून मी आमच्या सगळ्यात म्हाताऱ्या चुलत आजोबांना गाठलं. काकांच्या बहिणी कोण कोण, असं विचारल्यावर त्यांनी दोन नावं सांगितली. एक धाकट्या आत्याचं. दुसरं एका नदीचं नाव, जे मी घरात कधीच ऐकलं नव्हतं. थोरल्या आत्याचं नाव तर देवीचं! म्हणजे आजोबा थोरलीला विसरले, हे उघड होतं. आणि त्याहून उघड हे, की काकांना आणखी एक बहीण होती आणि तिच्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

का काढत नव्हतं, हे मी परतीच्या वाटेवरच ठरवून टाकलं. पळून गेली असणार. बहुधा संगीत मास्तराबरोबर. बिचारी! मी मनातल्या मनात तिला माफही केलं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांची जखम उकरायला नको म्हणून कुणालाही काही विचारलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

वकीलबाईंना मी तीन बहिणी लिहून दिल्या. तिसरीच्या पुढे त्यांनी पेन थांबवलं. "पत्ता?"

मी आवाज खाली आणला. "ठावठिकाणा माहीत नाही. जरा नाजूक प्रकरण आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. अशी प्रकरणं त्यांनी पुष्कळ पाहिली असावीत. "मग पेपरात नोटीस द्यावी लागेल."

दोन्ही आत्यांनी न वाचता सह्या दिल्या. "तू बघितलंयस ना, मग झालं," असं दोघी म्हणाल्या. हे वाक्य मला आजही झोंबतं.

नोटीस छापून आली त्या सकाळी भुईगावला आतोबा, म्हणजे थोरल्या आत्याचे यजमान, ओटीवर सुकेळी खात पेपर वाचत होते. ते पेपर पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचत. आत्या मागे बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठी हंडा घासत होती. आतोबांनी ओटीवरूनच आवाज दिला, "अगं ए, इकडे ये. तू बेपत्ता आहेस."

मला हे कळलं ते फोनवर. ऑफिसला निघायच्या घाईत मी फोन उचलला.

"कोण बोलतंय?"

"मी. बेपत्ता."

आवाज ओळखीचा होता. मी म्हटलं, "आत्या? सकाळी सकाळी काय थट्टा!"

"थट्टा तू केलीस मेल्या. पेपरात दिलीस. बापाच्या नावासकट, माहेरच्या आडनावासकट. लग्नात नाव बदलतात हे तुला कुणी सांगितलं नाही?"

सांगायची गरजच नव्हती. माझ्या लग्नात तबकातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव मी स्वतः लिहिलं होतं. मागे उभी असलेली बायको सगळं ऐकत होती. मी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मला माहेरच्या नावानं शोधू नका हं कधी. मी स्वयंपाकघरात असते."

वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि मग हसल्या. उपाय सोपा होता: दोन्ही नावांची बाई एकच आहे, असं थोरल्या आत्यानं प्रतिज्ञापत्र करायचं आणि अर्ज दुरुस्त करायचा. मी त्याच संध्याकाळी भुईगावला गेलो.

आत्या चहा न विचारता समोर बसली. असं आमच्याकडे कुणी मेल्यावरही होत नाही.

"मी एकदा सही दिली," ती म्हणाली. "आता दुसरीला शोध आणि तिची घे."

"आत्या, दसरा जवळ आलाय. जागा हातची जाईल."

"जाऊ दे. माझं नाव कुणाला आठवत नाही त्या घरात, मग माझी सही कशाला हवी? तू तर माझ्या अंगाखांद्यावर वाढलास. कधी विचारलंस, आत्या, तुला लहानपणी काय म्हणायचे?"

मी आणखी एक चूक केली: तिला हसवायला म्हणून संगीत मास्तराची गोष्ट सांगितली. आतोबा आत निघून गेले. आत्या म्हणाली, "ऊठ."

मग मी गिरगावला फोन करून धाकटीला सगळं कबूल केलं. तिनं चाफ्याचंही न विचारता फोन ठेवला. दोन दिवसांनी मात्र भुईगावच्या त्या अरुंद गल्लीत रिक्षा थांबली आणि तिच्यातून धाकटी आत्या उतरली. चार मजले कठडा धरून, पायरीपायरीला बसत ती खाली आली होती; शेजारच्यांनी ट्रेननं वसई स्टेशनपर्यंत आणून सोडलं होतं. मी मनधरणीचा दुसरा प्रयत्न करायला नेमका त्याच वेळी तिथं पोचलेलो. हात द्यायला पुढे झालो, तर म्हणाली, "तू लांब राहा."

ओटीच्या पायऱ्यांशी ती थांबली. त्या काही तिच्यानं चढवेनात. दोघींच्या वयात फारसं अंतर नव्हतं आणि धाकटी थोरलीला कधी ताई म्हणालीच नव्हती. तिनं खालूनच, शाळेत जाताना मारावी तशी, त्या नदीच्या नावानं हाक मारली.

"आले गं!" आतून उत्तर आलं.

थोरली पदराला हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली. कुणाच्या हाकेला आपण ओ दिली हे तिच्या ध्यानात आलं असावं. मग तिची नजर बहिणीच्या सुजलेल्या गुडघ्यांवर गेली.

"उतरलीस? त्या पायांनी?"

"तू बेपत्ता झालीस ना," धाकटी म्हणाली. "शोधायला नको?"

पुढे बराच वेळ त्या दोघींनी मला शिव्या दिल्या. एकमेकींना आठवण करून देत, मजेत. चहा आला. मलाही मिळाला.

प्रतिज्ञापत्राच्या वेळी वकीलबाईंनी 'उर्फ' लिहिलं तेव्हा थोरली भडकली. "उर्फ काय? मी काय दादागिरी करते?" आणि लग्नाचा दाखला नसल्यानं, नाव कसं बदललं ते सांगायला आतोबांनाही बोलावलं होतं. वकीलबाईंनी सहज विचारलं, "हेच नाव का ठेवलंत?"

आतोबा घुटमळले. "भटजी घाई करत होते. समोर भिंतीवर देवीचं कॅलेंडर होतं."

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे शेजारी साबणाची जाहिरात असती तर?"

एवढं करून प्रोबेट काही दसऱ्याआधी आलं नाही. कागद पुन्हा रांगेला लागले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी उमेळ्याच्या मालकाकडे तोंड लपवत निघालो, तर थोरली म्हणाली, "तू गप बस, मी बोलते." मालकानं तिला पाहून खुर्ची पुढे केली, पाणी आणायला सांगितलं. तिनं ना कायदा सांगितला, ना अडचण. म्हणाली, "माझी बहीण माझ्यासाठी चार मजले उतरली. आता तिला परत वर चढवू का? तुम्हीच सांगा."

मालकानं खिडकीतून त्या फ्लॅटमागच्या चाफ्याकडे पाहिलं. म्हणाला, "गिऱ्हाईकाला सांगतो, भाऊबंदकी निघाली. पुढच्या वर्षी बघू."

भाऊबंदकीचं नाव काढलं की वसईत कुठलंही गिऱ्हाईक पळतं.

प्रोबेट आलं, ब्लॉक विकला गेला आणि धाकटी आत्या उमेळ्याला राहायला आली ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. सामान लावायचं सोडून ती दिवसभर मागच्या दारानं बाहेर जायची, मातीत उभी राहायची आणि आत यायची. पुन्हा बाहेर. थोरली स्वयंपाकघरात डबे लावत होती. शेवटी वैतागून ओरडली, "अगं किती वेळा जाशील?"

"मोजू नकोस," धाकटी बाहेरून म्हणाली.