एकाच पेनातल्या सह्या

माझी नोकरी नेमकी कसली, हे धायरीतल्या आमच्या सोसायटीत मला अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही. समोरच्या काकूंना वाटतं, मी कंपनीत वकील आहे. खरं म्हणजे सातारा रस्त्यावर एका परदेशी कंपनीचा पंप बनवायचा कारखाना आहे, तिथे मी एथिक्स आणि कम्प्लायन्सचं काम बघते. लाच घेऊ नका, खोट्या नोंदी करू नका, चुकीचं काही दिसलं तर बोला, हे लोकांना शिकवायचं आणि कोणी तक्रार केली तर तिची चौकशी करायची. कारखान्यात मला सगळे ‘एथिक्सवाल्या मॅडम’ म्हणतात.

मूळची मी यवतमाळची. सुरुवातीला ऑफिसात माझ्या वऱ्हाडी ‘काय करून राहिले’ला लोक हसायचे. आमचे साहेब मात्र कधी हसले नाहीत. ते नारायण पेठेतले, निवृत्तीला आलेले, आणि बोलण्यात मोजकेच. मी पहिला अहवाल दिला तेव्हा तो वाचून ते म्हणाले होते, “चांगला आहे. अर्धा केलात तर आणखी चांगला होईल.” माझ्या कामाचं त्यांनी केलेलं एवढंच कौतुक बरेच दिवस मला पुरलं.

तर झालं असं. दरवर्षी कारखान्यातल्या प्रत्येकाला तासाभराचं प्रशिक्षण द्यावं लागतं आणि हजेरीच्या कागदावर सह्या घेऊन ती यादी कंपनीच्या सिस्टिममध्ये चढवावी लागते. त्या वर्षी शेवटची राहिली होती ती दुसऱ्या पाळीची माणसं. मी दुपारी लॅपटॉप घेऊन गेले, तर मोठी ऑर्डर निघायची होती आणि सगळी लाइन धावत होती. त्या पाळीचे सुपरवायझर पन्नाशीचे, कारखान्यामागच्याच गावचे. हात पुसत पुढे आले.

“मॅडम, आज मशीन थांबवता येत न्हाई. कागद ठेवून जावा. मी घेतो ट्रेनिंग.”

“तुम्ही घ्याल?”

“घेतो की. दोन दिवसांत कागद पाठवतो.”

कागद दुसऱ्याच दिवशी आला. सगळ्या सह्या होत्या. सगळ्या एकाच निळ्या पेनातल्या, आणि निम्म्यांच्या शिरोरेघा एकाच बाजूला झुकलेल्या. मी तो कागद टेबलावर ठेवला, चहा घेऊन आले, परत बघितला. मग स्कॅन करून चढवला. संध्याकाळी मुख्यालयाकडून अभिनंदनाचा मेल आला, कारण आमचा कारखाना सगळ्यांच्या आधी पूर्ण झाला होता. मी तो मेल नवऱ्याला दाखवलासुद्धा.

तीनेक महिन्यांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमच्याकडे निनावी तक्रारीसाठी एक फोन नंबर आहे. कोणीही मराठीत बोलायचं, तिकडे त्याचं इंग्रजी होतं आणि कागद साहेबांकडे येतो. तसा एक कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. कोणीतरी कळवलं होतं: ‘प्रामाणिकपणा शिकवणाऱ्यांचाच कागद खोटा आहे. त्या दिवशी मी रजेवर होतो, तरी माझी सही आहे. प्रशिक्षण झालेलंच नाही.’

“दुसरी पाळी,” साहेब म्हणाले. “सुपरवायझरनं केलेलं दिसतंय. तुम्ही चौकशी सुरू करा.”

त्यांच्या मनात माझ्याबद्दल शंकाही नव्हती, आणि तेच मला जड गेलं. मी ‘हो’ म्हणाले असते तर सगळं त्या सुपरवायझरवर गेलं असतं. कागद त्यांनी पाठवला होता, मी फक्त चढवला होता. माझ्या तोंडात ते वाक्य तयारही झालं होतं.

“ही चौकशी मी करू शकत नाही, साहेब,” मी म्हणाले.

“का?”

“ती यादी मी चढवली. आणि सह्या खोट्या आहेत हे मला बघताक्षणी कळलं होतं.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर कोणीतरी प्रिंटरचा ट्रे जोरजोरात ढकलत होतं, ते ऐकत मी बसून राहिले.

“लेखी द्याल?”

“देते.”

“मराठीत द्या. इंग्रजीत तुम्ही फार सफाईदार लिहिता.”

मी चार ओळी लिहिल्या: कागद सुपरवायझरनी पाठवला, सह्या खोट्या आहेत हे मला कळलं, तरी मी चढवला. त्यात ‘कामाच्या गडबडीत’ हे शब्द आधी लिहिले आणि मग खोडले, कारण त्या दिवशी मला गडबड नव्हती. चहा प्यायला वेळ होता.

चौकशीला चेन्नईच्या ऑफिसातून एक बाई आल्या. त्या तीन दिवस होत्या. त्या काळात सुपरवायझरशी बोलायचं नाही, असं मला बजावलेलं होतं. कँटीनमध्ये ते समोर आले की मी ताटात बघायची. घरी नवरा म्हणाला, “नोकरी गेली तर?” मी म्हणाले, “दुसरी शोधू.” सांगते तेवढ्या धीटपणे म्हणाले नव्हते.

नोकरी गेली नाही. दोघांनाही लेखी ताकीद मिळाली, माझं त्या वर्षीचं प्रमोशन थांबलं, आणि सगळ्या कारखान्याचं प्रशिक्षण पुन्हा घ्यायचं ठरलं. पत्र मिळालं त्या दिवशी सुपरवायझर स्वतःहून माझ्या टेबलाशी आले.

“माझं नाव सांगितलंत, ते बरोबरच हाय,” ते म्हणाले. “पण मला आधी सांगायचं व्हतं.”

“आधी सांगायची परवानगी नव्हती.”

त्यांनी जरा विचार केला. “मग ते बी बरोबर हाय,” म्हणाले आणि गेले. आमच्यात मैत्री वगैरे झाली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ते मला नमस्कार करू लागले. तोवर नुसती मान हलवायचे.

नवीन प्रशिक्षणासाठी जुनी चित्रं आणि परदेशातली उदाहरणं मी काढून टाकली. कँटीनमध्ये पंधरा-पंधरा जणांना बसवलं आणि जे घडलं होतं तेच सांगितलं. कागद आला, मला कळलं, तरी मी चढवला. सुपरवायझर मागे हाताची घडी घालून उभे होते. त्यांना विचारूनच मी त्यांचा भाग सांगत होते. पहिल्यांदा कोणी हसलं नाही. मग जोडणीच्या लाइनवरची एक बाई, कारखान्यात माझ्याआधीपासून असलेली, म्हणाली, “मॅडम, मग आज सही करायला आपापलं पेन आणायचं का?” तेव्हा सगळेच हसले, सुपरवायझरसकट.

मागून एकानं विचारलं, “तक्रार कोणी केली, ते कळलं का?”

“नाही. शोधायचं नाही असा नियम आहे. आणि मला शोधायचंही नाही.”

हे खरं आहे. आजही तो माणूस कोण, मला माहीत नाही. कधी गेटवर कोणाच्या नजरेला नजर मिळाली की वाटतं, हाच असेल का, आणि मग मी तो विचार सोडून देते. सगळ्यांचं प्रशिक्षण व्हायला पाच आठवडे लागले. मुख्यालयानं उशिराचं कारण विचारलं, तेव्हा साहेबांनी एका ओळीत उत्तर पाठवलं: ‘या वेळी माणसं हजर आहेत.’

त्यानंतर लोक माझ्याकडे यायला लागले. फोन नंबर सोडून थेट टेबलाशी. जोडणीच्या लाइनवरची ती बाई पुढच्याच आठवड्यात आली आणि खुर्चीवर न बसता म्हणाली, “पॅकिंगमधलं मागचं दार आहे ना, आग लागली तर निघायचं? त्याच्यापुढे खोकी रचतात. तपासणीच्या दिवशी उचलतात. कागदावर रोज ‘मोकळं’ लिहितात.”

“तुमचं नाव घेऊ का?”

“घ्या की. मला काय.”

आम्ही दोघी तशाच खाली गेलो. दार खोक्यांमागे गेलेलं होतं, फक्त वरची हिरवी पाटी दिसत होती. मी फोटो काढत होते, तेवढ्यात सुपरवायझर आले. मला वाटलं, आता कारणं सांगतील. त्यांनी बाह्या वर केल्या, दोघांना हाक मारली आणि पहिलं खोकं स्वतः उचललं. मीही एका खोक्याला हात लावला. ते इतकं जड होतं की त्या बाईला दुसरी बाजू धरावी लागली. अर्ध्या तासात दार मोकळं झालं. कडी गंजली होती, ती ठोकून उघडली, आणि मागच्या शेतावरचा वारा आत आला. पॅकिंगमधली माणसं काम थांबवून बघत राहिली. ती बाई म्हणाली, उन्हाळ्यात हे उघडं राहिलं तर पंखासुद्धा नको.